भामरे सरांची मागची चाकं

अभिमन भामरे सरांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मोटार मिळाली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती मागून बारीक दिसते असा शोध लागला. मधलं एक वर्ष काय ते सुखाचं गेलं.

सर जळगावच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. चित्रकलेच्या शिक्षकाला गावात मान असतो, नाही असं नाही, पण तो जरा वेगळ्या जातीचा असतो. गणिताच्या सरांना लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. चित्रकलेच्या सरांना थांबवून दुकानाची पाटी रंगवून द्याल का म्हणून विचारतात. सरांनी हे सगळं आयुष्यभर गिळलं होतं. पण आपल्या नजरेबद्दल मात्र ते कुणाचं ऐकून घेत नसत. प्रमाण चुकलं की गणपतीचासुद्धा बोका होतो, असं ते दरवर्षी सातवी ‘ब’ला सांगत आणि सातवी ‘ब’ दरवर्षी ते सिद्ध करून दाखवत असे.

गाडी जुनी फोक्सवॅगन होती. कासवासारखी पाठ, दोनच दारं, इंजिन मागे, डिकी पुढे, आणि त्या इंजिनात पाणी घालायची भानगडच नाही. वाऱ्यावरच गार होणारं. ही गाडी सरांचे चुलत सासरे, धुळ्याचे डॉक्टर, यांची. ते वारल्यावर ती वर्षभर अंगणात उभी राहिली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. तेव्हा शेवंताकाकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीने, जावयाला बोलावून किल्ली हातात दिली. काकूंना मूलबाळ नव्हतं. सरांच्या पत्नीला, यशोदाबाईंना, आई गेल्यावर सहाव्या वर्षापासून काकूंनीच वाढवलेलं. त्यामुळे सर म्हणजे त्यांचे सख्ख्यातले जावई. किल्ली देताना काकूंनी टॉवेल-टोपीही दिली होती, आणि सरांनी तीन वेळा नको नको म्हणून चौथ्यांदा नको म्हणायची वेळ येऊ दिली नव्हती.

वर्षभराने रद्दीच्या दुकानात पाटीसाठी अक्षरांचे नमुने शोधताना सरांना एक परदेशी मासिक सापडलं. त्यात हुबेहूब त्यांचीच गाडी होती, पण तिची मागची चाकं चांगली रुंद, मडगार्ड भरून टाकणारी. सर मासिक घेऊन घरी आले, फाटकात उभे राहिले आणि आपल्या गाडीकडे मागून पाहू लागले. भारदस्त लुगडं नेसलेल्या बाईला पाय मात्र काडीसारखे असावेत, तसं ते दृश्य होतं. वर्षभर हे आपल्या नजरेला दिसलं कसं नाही, याची त्यांना लाज वाटली. या गोष्टीत पुढे त्यांना बऱ्याच गोष्टींची लाज वाटणार आहे. पण ही पहिली लाज, आणि तीच नेमकी चुकीच्या गोष्टीची.

शेजारी झुलालनाना राहत. नाना एसटीत कंट्रोलर होते आणि निवृत्त झाल्यापासून शेजाऱ्यांना कंट्रोल करत. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मासिक उलटं धरून पाहिलं आणि रुंद चाकांनी गाडी रस्ता धरते, वळणावर उलटत नाही, असं सांगितलं. सरांची गाडी ताशी पस्तीसच्या वर कधी गेलीच नव्हती, तेव्हा उलटायचा प्रश्न नव्हता. पण अनुकूल सल्ल्याची कोणी उलटतपासणी घेत नाही.

चाकं मिळवायचं काम इसाकभाईंकडे आलं. अजिंठा चौफुलीपाशी इसाकभाईंचं गॅरेज होतं आणि डॉक्टर होते तेव्हापासून ही गाडी त्यांच्याच हातची. त्यांनी मासिकातलं चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की चाकं मिळतील, मुंबईत त्यांचे साडू जुन्या मोटारींच्या सामानाच्या धंद्यात आहेत; पण कशाला. सरांनी प्रमाण, तोल, रेषा यांवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. इसाकभाईंनी ते हात पुसत ऐकलं आणि पुन्हा विचारलं, पण कशाला.

तीन आठवड्यांनी ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून दोन रुंद लोखंडी चाकं आली. त्यांवर अँबॅसिडरचे टायर चढले. गाडी जॅकवर उचलून चाकं बसवली तेव्हा ती अगदी बेताची बसली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा. सरांनी हात घालून पाहिला आणि विजयी मुद्रेने इसाकभाईंकडे पाहिलं.

“सर,” इसाकभाई म्हणाले, “जॅकवर गाडी खोटं बोलते. या गाडीचे पाय उचलल्यावर आत ओढले जातात. खाली टेकली की बाहेर पसरतात. जमिनीवर आली की खरं बोलंल.”

गाडी खाली उतरवली. तिने उकिडवं बसलेल्या माणसासारखे पाय फाकले आणि हात जाईल ती जागा बोट जाईल एवढी राहिली. इसाकभाईंनी सरांना समजावून सांगितलं की आत्ता गाडी रिकामी आहे. मागे माणसं बसली, की गाडी खाली बसेल आणि टायर मडगार्डला घासेल. तेव्हा ही चाकं परत पाठवू, साडू आपलाच आहे. पण तोवर सर दहा पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून गाडी पाहत होते. गाडी काय दिसत होती. खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होती, आणि सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच होतं. कुरूप दिसली असती तर सरांनी जागच्या जागी उतरवली असती. त्यांनी इसाकभाईंना मडगार्डची आतली कड हातोडीने वळवून घ्यायला सांगितली. इसाकभाईंनी डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर हातोडी उचलायला लागतेय म्हणून आधी कानाला हात लावला आणि मगच ठोकली.

जुनी चाकं गॅरेजच्या माळ्यावर गेली.

सर कायदा पाळणारे होते. वाहनात बदल केला तर कळवावं लागतं असं नानांनी सांगितल्यावर त्यांनी रजा टाकून परिवहन कार्यालय गाठलं. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि बदलाचं कारण लिहिलेलं नाही, असं नम्रपणे दाखवून दिलं. सरांनी ‘शोभा’ असं लिहिलं. कारकून म्हणाला की तो स्वतः शोभेच्या विरुद्ध नाही, त्याच्या पत्नीचंच नाव शोभा आहे, पण साहेब हे कारण धरणार नाहीत. सरांनी थोडा विचार करून ‘मागील आसनावरील प्रवाशांच्या सुखासाठी’ असं लिहिलं. कारकुनाला ते आवडलं. मग त्याने बदलाचं रेखाचित्र तीन प्रतींत मागितलं. दुसऱ्या कुणाचं यात कंबरडं मोडलं असतं. सरांनी आठ दिवस बसून तीन चित्रं काढली, शाईची, छायाप्रकाशासकट; एकात तर मागे पद्मालयाच्या देवळाचा कळससुद्धा घेतला. साहेबांनी ती पाहून कळस कायदेशीरदृष्ट्या अनावश्यक आहे एवढाच शेरा मारला. कारकुनाने एक प्रत आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवून घेतली. सरांच्या चित्राला सरकार दरबारी मिळालेली ती पहिली जागा. घरी येताना सर गाडीत एकटेच गाणं म्हणत होते.

एकटे होते तोवर सगळं ठीक होतं. पहिल्या रविवारी नाना आणि त्यांचे भुसावळचे दोन व्याही मागेपुढे बसून गाडीची चाल पाहायला निघाले. शिरसोली रस्त्याला पहिला खड्डा आला आणि मागून खर्रर्र असा आवाज झाला, खवणीवर नारळ धरावा तसा. दुसऱ्या खड्ड्याला जळक्या रबराचा वास आला. तिसऱ्याला नानांच्या बाजूने धूर निघाला, तेव्हा व्याही म्हणाले की आम्ही चालत येतो, हवा चांगली आहे.

नानांनी हार मानली नाही. त्यांचं म्हणणं असं की मागे वजन झालं म्हणून मागची बाजू बसते, तर पुढे वजन टाका, मागची आपोआप उचलेल. सी-सॉ पाहिलाय ना. सरांनी घरी जाऊन सी-सॉची आकृती काढली; आकृतीत ते बरोबर आलं. पुढच्या डिकीत वाळूचं एक पोतं ठेवलं. मागची बाजू तसूभरही उचलली नाही. मात्र स्टिअरिंग असं जड झालं की वळण घेताना सर उभे राहून वळवत. पोतं काढायला चार माणसं लागली असती आणि चार माणसांना काय सांगायचं ते सुचेना, म्हणून ते तिथेच राहिलं.

यशोदाबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं सरांनी ठरवलं. मागच्या सीटची स्प्रिंग तुटली आहे असं त्यांनी घरात सांगितलं, आणि वर ड्रॉइंग बोर्ड, रंगाचे डबे, मातीचा एक फळांचा गुच्छ असं सामान मांडून ठेवलं. चार महिने त्या सीटवर कोणी बसलं नाही. गल्लीत कोणी लग्नाला, दवाखान्याला गाडी मागायला येताना दिसलं की सर संडासात जात. ते संडासात फार वेळ असतात म्हणून यशोदाबाईंनी त्यांना इसबगोल सुरू केला. तोही ते निमूटपणे घेत.

मग धुळ्याहून पत्र आलं. शेवंताकाकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि जळगावच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. यशोदाबाईंनी पत्र खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं की रविवारी गाडी घेऊन आपण आणायला जाऊ. सरांनी एसटीचे फायदे सांगायला सुरुवात केली. यशोदाबाईंनी फक्त पाहिलं. ज्या बाईने गाडी दिली तिलाच एसटीने या म्हणून सांगायचं, हे वाक्य त्या बोलल्या नाहीत. पण सरांना ते ऐकू आलं.

आता शेवंताकाकूंविषयी एक गोष्ट सांगणं भाग आहे. त्या अंगाने चांगल्याच भरल्या होत्या. पूर्वी गावात कोणी त्याला वजन म्हणत नसे, घरंदाजपणा म्हणत. गुडघे मात्र कामातून गेले होते. धुळ्याला अंगणात सरांनी सीट रिकामी केली आणि काकूंनी पुढे बसावं म्हणून फार आग्रह केला; पुढे पाय पसरता येतील, वारा लागेल. काकूंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. जावयाच्या शेजारी बरोबरीने पुढे बसायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांच्या वेळीसुद्धा त्या मागेच बसत. दोन दारांच्या त्या गाडीत पुढची सीट वाकवून त्या मागे शिरल्या, तो एक सोहळाच होता. आधी एक पाय, मग विसावा, मग यशोदाबाईंचा खांदा, मग दुसरा पाय. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मग सामान आलं. बाजरीचं पोतं, पापडांचा डबा, तुपाची बरणी, पुतणीसाठी शेवया. सामान पुढच्या डिकीत ठेवावं म्हणून गड्याने झाकण उघडलं तर तिथे वाळू. काकूंनी विचारलं, काय शे ते. सर म्हणाले, तोल राहण्यासाठी. काकूंनी मान डोलावली. शिकलेला जावई काय करतो ते कारणाशिवाय नसणार. आणि सगळं सामान मागेच, काकूंच्या शेजारी रचलं गेलं.

धुळ्याच्या नाक्याबाहेर पडायच्या आतच खर्रर्र झालं.

सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. यशोदाबाईंना ते ऐकू आलं. मुकटीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खडीवर गाडी उतरली आणि मागून धूर आला. सरांनी गाडी थांबवली. त्यांच्याकडे त्या क्षणी दोन वाक्यं होती. एक खरं होतं, आणि ते फार लहान होतं: मी चाकं बदलली म्हणून घासतंय. दुसरं त्यांच्या तोंडून निघालं. हे इंजिन वाऱ्यावर गार होतं, काकू, आज वारा पडलाय, तेव्हा तेवढा खडीचा तुकडा तुम्ही उतरून चाललात तर इंजिनाला जरा आराम.

काकू उतरल्या. म्हणजे दहा मिनिटांत उतरल्या, यशोदाबाईंचा हात धरून मोतीबिंदूच्या धूसर डोळ्यांनी खडीवरून शंभर पावलं चालल्या, आणि पुन्हा दहा मिनिटांत बसल्या. सर पुढे जाऊन गाडीपाशी उभे राहून हे पाहत होते. खडी टाकणारी माणसंही पाहत होती. एकाने धक्का मारू का विचारलं. सर म्हणाले, नको, गाडी चांगली आहे. आणि ते खरंच होतं.

पारोळ्याच्या अलीकडे मोरीपाशी पुन्हा तेच झालं. पारोळ्याच्या पलीकडे पुन्हा. दर खेपेला सरांचं इंजिनाबद्दलचं भाषण वाढत गेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी उष्णतेचे तीन प्रकार सांगितले.  एकदा, धाप टाकत बसताना, काकू यशोदाबाईंना म्हणाल्या की तुझे काका यात बाळंतिणीला घेऊन, तिच्या सासूला घेऊन, वर शेळीसुद्धा घेऊन आलेले आहेत, तेव्हा मात्र गाडी तापली नव्हती. गाडीचंही वय झालं. यशोदाबाई शेजारच्या सीटवरून नवऱ्याकडे पाहत होत्या. मागे काकू दिसू नयेत म्हणून सरांनी आरसा हळूच वर केला.

एरंडोलला चहासाठी थांबले तेव्हा काकू चौथ्यांदा उतरल्या. चहा झाला. सर सीट वाकवून उभे राहिले. पण काकू आल्या नाहीत. एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरांना जवळ बोलावलं.

“जवाईबापू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, “तुम्ही बोलतस नही, पन माले समजस. इंजिनले काहीच व्हयेल नही. मी बठनू का गाडी बठस. मी आते यस्टीमा जास.”

त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. त्या ओशाळल्या होत्या. आपल्या अंगाने जावयाची गाडी बसते, आणि बिचारा जावई संकोचाने इंजिनाचं नाव घेतो, असं त्यांना वाटलं होतं. सरांचं तोंड उघडलं. ते छोटं वाक्य जिभेवर आलं. तेवढ्यात जळगावची एसटी लागली, लोक धावले, यशोदाबाईंनी काकूंचा हात धरला, आणि गडबडीत वाक्य राहून गेलं. सरांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं की गडबड होती म्हणून. पण गडबड नव्हती. एसटी तिथे पंधरा मिनिटं उभी होती.

पुढचा रस्ता सरांच्या जन्मभर लक्षात राहिला. एसटी पुढे, सर मागे. एसटीत बसायला जागा नव्हती. तिच्या मागच्या काचेतून सरांना दांडीला धरलेला एक हात दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा, तो यशोदाबाईंचा. त्यांच्या पलीकडे काकूंचा पांढरा पदर. एसटी खड्ड्यातून गेली की पदर हेलकावे खाई. आणि सरांची गाडी? मागची सीट रिकामी, पोतं आणि डबे तेवढे. घासणं नाही, वास नाही, धूर नाही. अशी गुणाने चालली होती की ऐकत राहावं. पाळधीला एसटी थांबली तेव्हा सर गाडी पुढे काढू शकले असते. त्यांनी काढली नाही. पुढे गेलं तर रस्त्यावरचे लोक आपली चाकं बघतील, असं त्यांना वाटलं. ज्यासाठी लावली होती, तेच आता नको झालं होतं.

रात्री पाट मांडले तेव्हा काकू म्हणाल्या, भूक नाही, प्रवासाने पोट भरलं. सकाळी नुसता चहा घेतला. दुपारी अर्धी भाकरी. संध्याकाळी पुन्हा भूक नाही. यशोदाबाईंना काळजी लागली. मंगळवारी दवाखान्यात तपासायला नेलं, रिक्षाने, काकूंच्याच आग्रहावरून. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, अशक्तपणा आलाय म्हणाले, जेवता की नाही विचारलं. काकूंनी पदर तोंडाशी धरून सांगितलं की कमी केलंय, वजन फार झालं होतं. डॉक्टर खूश झाले. वजन कमी करणं उत्तमच, गुडघ्यांनाही बरं. फक्त आत्ता नको, शस्त्रक्रिया होऊ द्या. नाहीतर तारीख पुढे जाईल. मग त्यांनी सरांकडे वळून विचारलं, तुम्ही समजावलंत वाटतं. सर कोपऱ्यातल्या डोळ्याच्या तक्त्याकडे पाहत राहिले. त्यांना वरून तिसरी ओळसुद्धा वाचता येईना.

दवाखान्यातून सर थेट शाळेत गेले नाहीत, चौफुलीला गेले. इसाकभाईंनी काही न विचारता माळ्यावरची जुनी चाकं काढली, पोऱ्यांकडून वाळूचं पोतं उतरवून घेतलं. मडगार्डची कड मात्र पहिल्यासारखी होणार नाही म्हणाले. लोखंड एकदा वळलं की वळलं. तासाभरात गाडी पुन्हा मागून बारीक दिसू लागली. सरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी इसाकभाईंना उभ्या उभ्या मिठी मारली. प्रश्न मिटला होता. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. गाडी दुरुस्त करून आणली, एवढं म्हटलं की झालं.

बुधवारी काकूंना पुन्हा दवाखान्यात न्यायचं होतं. सरांनी गाडी दाराशी आणली आणि त्या नको नको म्हणत असताना आग्रहाने मागे बसवलं. शेजारी यशोदाबाई बसल्या. गल्लीचा खड्डा आला. सरांनी श्वास रोखला. काही झालं नाही. रेल्वेच्या पुलापाशी मोठा खड्डा आला. काही झालं नाही. सर आरशातून पाहू लागले, आरसा त्यांनी पुन्हा खाली केला होता. काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून, कान टवकारून बसल्या होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखं हसू पसरत होतं.

“यसोदा,” त्या म्हणाल्या, “देख. तीन दिनमा फरक पडना.”

आणि मग त्यांनी सांगितलं की आता त्यांनी ठरवलंच आहे. शस्त्रक्रियेपुरतं डॉक्टर म्हणतात तसं खातील. पण त्यानंतर एकच वेळ, आणि तेही अर्धी भाकरी. धुळ्याला परत जाताना जावयाला त्रास व्हायला नको. यशोदाबाई त्यांचा हात कुरवाळत होत्या.

सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून टांगेवाला ओरडला. समोरच्या केळीच्या वखारीतली माणसं हातातले घड तसेच धरून पाहू लागली. सरांनी इंजिन बंद केलं, मागे वळले, आणि काकूंच्या चेहऱ्याकडे पाहणं जमेना म्हणून त्यांच्या शेजारच्या खिडकीकडे पाहत बोलले.

“काकू, गाडी तुमच्यामुळे बसत नव्हती. मी मागची चाकं बदलून रुंद घातली होती, ती घासत होती. काल काढली. तुमचं वजन तेवढंच आहे.”

शेवटचं वाक्य त्यांना म्हणायचं नव्हतं, पण ते निघून गेलं.  यशोदाबाईंनी काकूंच्या हातावरचा आपला हात काढला नाही, पण तो थांबला. सर सांगत राहिले. मासिकाचं सांगितलं, इसाकभाईंनी बजावलं होतं ते सांगितलं, स्प्रिंग तुटली नव्हती हेही सांगितलं. इसबगोलापर्यंत आले तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, “पुरे.”

 काकूंनी विचारलं, “कशा दिखेत त्या चाके?”

सरांना वाटलं, आता तरी म्हणावं, घाण दिसत होती. तसं म्हटलं असतं तर जरा सुटल्यासारखं झालं असतं. पण खोटं बोलायची ताकद संपली होती.

“फार चांगली दिसत होती, काकू,” ते म्हणाले, आणि या एका वाक्याची त्यांना बाकी सगळ्याहून जास्त लाज वाटली.

काकूंनी मान हलवली. रागाने की कशाने ते पदरामुळे कळलं नाही. मग म्हणाल्या, “दवाखाना ऱ्हाऊ दे. पयले घर चाल. माले भूक लागनी.”

गाडी घराकडे वळली. यायला उशीर होईल असा दवाखान्यात नानांच्या घरून फोन केला. यशोदाबाईंनी चुलीऐवजी गॅस पेटवला, लवकर व्हावं म्हणून. काकू पाटावर बसल्या, आणि तीन दिवस अर्ध्या पोटी राहिलेलं माणूस जेवतं तशा जेवू लागल्या. घाई नाही, बोलणं नाही, एकेका घासाला न्याय देत. उडदाची डाळ, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. एक भाकरी झाली. दुसरी झाली. वाढायला यशोदाबाई उठू लागल्या तेव्हा काकूंनी त्यांना हाताने बसवलं आणि धूसर डोळे सरांच्या दिशेने वळवले.

सर उठले. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासरच्या माणसासमोर त्यांनी कधी ताट सोडून दुसरं काही हाताळलं नव्हतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली, बोटं भाजली, ती फुंकून ताटात वाढली.

“डाय,” काकू म्हणाल्या.

सरांनी डाळ वाढली. काकूंनी तिसरी भाकरी मोडली, घास कालवला, आणि मान वर न करता चौथ्या भाकरीला तवा तापलेला राहू दे, म्हणून जावयाला सांगितलं.